गाडीवरचे तांबडे ठिपके

सुट्टीत बाबांची पांढरी गाडी धुवायला घेतली तर बॉनेटवर बारीक तांबडे ठिपके. वाटलं, जांभ्याची धूळ असणार, रत्नागिरीत दुसरं काय! शॅम्पूने जाईनात म्हणून भांड्यांचा स्क्रबर मारला. ठिपके तिथेच, वर ओरखडे. बाबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग कळलं, ही धूळ नव्हे, लोखंड. शेजारी ग्रिलचं काम चालू होतं. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. ते रंगावरच्या क्लिअर कोटमध्ये रुततात आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत भराभर गंजतात. ब्रेकचे, रेल्वे रुळांचे कणही असेच बसतात, तेव्हा स्टेशनवर बाइक लावणाऱ्या होस्टेलवाल्यांनी टाकी तपासावी. धुतल्यावर बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून हात फिरवा, खरखर लगेच लागते.

उपाय घासण्याचा नाही, केमिस्ट्रीचा. ‘आयर्न रिमूव्हर’मध्ये बहुधा थायोग्लायकोलेट असतं. पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्येही तेच. वास कुजक्या अंड्यांचा! ग्लोव्ह्ज घालून, सावलीत, थंड पत्र्यावर फवारा. लोखंड भेटलं की जांभळे ओघळ येतात. ३-४ मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्याने धुवा. उरलंसुरलं क्ले बारने, साबणाच्या पाण्यावर हलक्या हाताने. क्ले आधी फिरवलात तर तेच कण ओरखडे काढतील. शेवटी वॅक्स.

बॉनेट जांभळं झालं तेव्हा बाबा चपला न घालताच धावत आले. ठिपके गेले. माझे ओरखडे मात्र उन्हात अजून दिसतात.