'एअर' म्हणजे चाल



इंग्रजी पुस्तकें वाचतांना आपल्या घरांतील विद्यार्थ्यांस एक लहानसा शब्द हटकून अडवितो. 'एअर' म्हणजे हवा, हें त्यांना पहिल्या पुस्तकापासून पाठ असतें. पुढें एखाद्या कादंबरींत वाक्य येतें कीं, अमक्या मुलीनें पियानोवर एक जुनी आयरिश एअर वाजविली. आणि विद्यार्थी बुचकळ्यांत पडतो. हवा वाजवावयाची कशी?

येथें 'एअर' म्हणजे चाल. गाण्यांतील शब्द बाजूस काढले असतां सुरांची जी आकृति मागें उरते, जी नुसती गुणगुणतां येते आणि दुसऱ्या शब्दांच्या पोशाखांतहि ओळखूं येते, ती एअर.

हवेशीं या अर्थाचें नातें काय, असें कोणी विचारील. हवा या अर्थाचा शब्द ग्रीक व लॅटिन भाषांतून फ्रेंचमार्गें इंग्रजींत आला. इटालियन भाषेंत 'आरिया' हा एकच शब्द हवेस आणि गाण्यासहि लावतात. त्याच्याच वळणावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीनें हा दुसरा अर्थ घेतला. जॉन डाउलंड या वादक-संगीतकारानें 1597 सालीं आपला पहिला गीतसंग्रह छापला. त्याच्या नांवांतच 'एअर्स' हा शब्द आहे. त्या काळच्या 'मॅड्रिगल' नामक रचनेंत सगळे आवाज बरोबरीनें एकमेकांत गुंफलेले असत. एअरमध्यें मात्र वरचा आवाज मुख्य, आणि बाकीचे आवाज किंवा ल्यूट हें तंतुवाद्य साथीला. चाल स्पष्टपणें पुढें यावी, हाच हेतु.

'ट्यून', 'मेलडी' आणि 'एअर' या तीन शब्दांतील छटा ध्यानांत ठेवाव्या. ट्यून हा रोजच्या व्यवहारांतला शब्द. मेलडी हा शास्त्राकडे झुकणारा. एकाच वेळीं वाजणाऱ्या स्वरांचा मेळ ती हार्मनी, आणि एकामागून एक येणाऱ्या स्वरांची ओळ ती मेलडी. एअर म्हटलें कीं गळ्यावर बसणारी, बहुधा जुनी व लोकांच्या तोंडीं असलेली चाल डोळ्यांपुढें येते. वाद्यावरच वाजणाऱ्या, पण गाण्यासारख्या वाहणाऱ्या रचनेसहि हें नांव देतात. बाखच्या तिसऱ्या वाद्यवृंद-सूटमधील 'एअर' प्रसिद्ध आहे. 1871 सालीं विल्हेल्मी या वादकानें ती व्हायोलिनच्या सर्वांत खर्जाच्या एकाच तारेवर वाजविण्याजोगी करून दिली, तेव्हांपासून त्या तारेचें नांवच तिला चिकटलें.

हा शब्द आणखी दोन ठिकाणीं भेटतो, त्यांची गल्लत करूं नये. कार्यक्रम 'ऑन द एअर' आहे म्हणजे तो ध्वनिक्षेपित होत आहे. तेथें चालीचा संबंध नाहीं. आणि एखादा मनुष्य 'एअर्स' दाखवितो म्हणजे तोरा मिरवितो. तेथें एअर म्हणजे ढब. गंमत अशी कीं, आपल्या 'चाल' शब्दांतहि गाण्याची चाल आणि माणसाची चालण्याची ढब हे दोन्ही अर्थ शेजारीं नांदतात.

शब्दांहून चाल वेगळी, ही कल्पना आपणांस नवी नाहीं. 1728 सालीं जॉन गे यानें लंडनच्या रंगभूमीवर 'बेगर्स ऑपेरा' आणला, तेव्हां लोकांच्या परिचयाच्या एअर्स घेऊन त्यांवर नवीन पदें रचलीं, आणि छापील पुस्तकांत पदाच्या वर मूळ चालीचें नांव दिलें. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 सालच्या शाकुंतलापासून आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांतहि पदाच्या माथ्यावर 'चाल' असें लिहून एखाद्या आधीच्या गाण्याचा निर्देश असे. इतकेंच काय, इंग्लंडच्या राष्ट्रगीताची चाल लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशाच्या राष्ट्रगीतास आजहि आहे. आणि त्याच चालीवर दक्षिणेंत मुत्तुस्वामी दीक्षितरांनीं संस्कृत कृति रचली.

शब्द मात्र कागदावर टिकतात. चाल गळ्याबरोबर जाते. 'लंडनडेरी एअर' ही आयर्लंडची चाल आज जगभर ऐकू येते. लिमाव्हॅडी गांवच्या जेन रॉस या बाईंनीं ती टिपून जॉर्ज पेट्री यांस दिली, आणि 1855 सालीं ती त्यांच्या संग्रहांत छापली गेली. तिला नांव नव्हतें, शब्द नव्हते, कर्त्याचा उल्लेख नव्हता. वेदर्ली या इंग्रज गीतकारानें आपलें गीत 1913 सालीं तिच्यावर बसविलें, तेव्हां 'डॅनी बॉय' घरोघर पोंचलें. गीतकाराचें नांव राहिलें. चालीचा कर्ता कोण, हें त्या पुस्तकांत नाहीं. पण एका बाईनें ती वेळीं टिपली नसती, तर चालहि राहिली नसती.

आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांना ओव्या, पाळणे, भूपाळ्या येतात. त्यांचे शब्द कोणी वहींत उतरून घेतो आणि काम झालें असें मानतो. पण त्या वहींत अर्धेंच गाणें असतें. पुढल्या पिढीस शब्द वाचतां येतील, पण ते कसे म्हणावयाचे हें कोणास विचारणार? ज्यांना स्वरलेखन येतें त्यांनीं स्वर लिहावे. ज्यांना येत नाहीं त्यांनीं आवाज मुद्रित करून ठेवावा, आणि सोबत म्हणणारीचें नांव, गांव व साल नोंदवावें. इंग्रजीनें चालीस स्वतंत्र नांव दिलें तें यासाठींच कीं, ती स्वतंत्र वस्तु आहे. ती राखावयाचीहि स्वतंत्रपणेंच लागते.