चहात उमलणारं फूल

टोकियोतल्या अझाबुदाई हिल्स भागात, जमिनीखालच्या एका अंधाऱ्या खोलीत पाहुणे चहाला बसतात. वाडग्यात हिरवा चहा ओतला, की चहावरच एक फूल उमलतं. वाडगा उचलला, की पाकळ्या विखरून टेबलभर पसरतात. ‘टीमलॅब’ या जपानी समूहाची ही २०१६ मधली कलाकृती. तोशियुकी इनोको यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या या समूहात चित्रकारांच्या बरोबरीने प्रोग्रॅमर, अभियंते, गणिती काम करतात.

डोक्यावर प्रोजेक्टर असतात, हे ओघानं आलंच. वाडगा कुठे आहे, हे ओळखायला अशा मांडणीत बहुधा अवरक्त प्रकाश टिपणारे कॅमेरे लावतात. प्रोजेक्टरच्या रंगीत उजेडानं ते गोंधळत नाहीत.

पण द्रवाचा पडदा होतो कसा? घरी करून पाहण्यासारखं आहे. दिवे घालवा. एका काचेच्या पेल्यात पाणी, दुसऱ्यात कोरा चहा, तिसऱ्यात दुधाचा चहा घ्या आणि वरून बॅटरीचा झोत टाका. पाण्यातून उजेड थेट तळाशी जातो. कोऱ्या चहातूनही बराचसा आत उतरतो. दुधाचा चहा मात्र वरच्या वरच उजळतो, कारण दुधातले स्निग्धाचे आणि प्रथिनांचे सूक्ष्म कण प्रकाश चहूकडे विखुरतात. जपानी चहाविधीतला माच्चाही तसाच. त्यात पानं उकळून गाळत नाहीत; पानांची वस्त्रगाळ पूड पाण्यात घुसळतात आणि ती पूडच प्रकाश विखुरते.

या चहाविधीला आज ओळखतो ते रूप १६व्या शतकात सेन नो रिक्यू यांनी दिलं. खोली लहान, बोलणं मोजकं. पाहुणा वाडगा हातात फिरवून घेतो. त्याच्या दर्शनी बाजूला ओठ लावायचे नाहीत, हा मान. त्यामागची भावना ‘इचि-गो इचि-ए’ या शब्दांत सांगतात: ही भेट आयुष्यात एकदाच.

टीमलॅबनं नेमकी हीच नस पकडली, असं मला मनापासून वाटतं. फुलांचं चित्रीकरण आधी करून ठेवलेलं नाही. संगणक ते त्या क्षणी गणितानं घडवतो, म्हणून आत्ता दिसलेलं दृश्य पुन्हा तसंच दिसत नाही. डोळ्यांवर यंत्र चढवायचं नाही, कळ दाबायची नाही. ओतणं, उचलणं, पिणं, एवढंच करायचं. शतकानुशतकं हात जे करत आले, तेच संगणक वाचतो. परंपरेला हात लावावा तो इतक्या अदबीनं.

चहा संपला, की फुलं थांबतात. रिकाम्या वाडग्यात काहीच उमलत नाही.