सही मुख्याध्यापकांची, निर्णय दुसऱ्यांचा

कामाचा ताण : लेखांक ७

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. परीक्षा झालीच नव्हती. त्या वर्षी एप्रिलमध्येच ती रद्द झाली होती. शंभरातले ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० तोंडी-प्रात्यक्षिकांवरून द्यायचे, असं सूत्र ठरलं. आता हीच मुलं २०२० च्या एप्रिलमध्ये नववीत होती आणि तेव्हा त्यांची दुसऱ्या सत्राची परीक्षाही टाळेबंदीत रद्द झाली होती. दहावीचं वर्ष बहुतेक मोबाइलवर गेलं. ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता, त्यांचे कागद शाळेत कुठून असणार? तरीही निकाल समितीचे अध्यक्ष म्हणून मुख्याध्यापकांनी त्या गुणांवर सही केली. सूत्र त्यांनी ठरवलेलं नव्हतं. पण ‘माझ्या मुलीला कमी का?’ हा प्रश्न त्यांच्याच टेबलावर आला.

मागच्या लेखांकात आपण रॉबर्ट कारासेक यांची १९७९ ची मांडणी पाहिली. कामाचा नुसता डोंगर माणसाला तितका पोखरत नाही. डोंगर मोठा आणि तो कसा, कधी, कोणत्या वाटेने चढायचा हे ठरवण्याची मुभा नाही, तिथे मन खचतं. मोकळीक असेल तर तेच काम माणसाला घडवतंही. करोनाकाळातले मुख्याध्यापक या मांडणीच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात उभे होते, असं मला वाटतं.

२०२० चा नोव्हेंबर आठवून पाहा. नववी ते बारावीचे वर्ग २३ तारखेपासून उघडायचे ठरलं. त्याआधी शिक्षकांची आरटीपीसीआर चाचणी, वर्गांचं निर्जंतुकीकरण, पालकांची लेखी संमतीपत्रं, बाकांची नवी मांडणी. मग अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला गेला आणि अगदी तोंडावर मुंबई-पुण्यासह कित्येक ठिकाणी शाळा बंदच राहिल्या. ज्यांनी आठवडाभर घरोघरी फोन करून ‘पाठवा, आम्ही काळजी घेतो’ असा शब्द दिला होता, त्यांनाच पुन्हा फोन करावे लागले. संख्येत मोजायचं तर हे काही तासांचं काम. पण आपला शब्द आपल्या हातात नाही, हे पुन्हापुन्हा अनुभवणं माणसाला आतून झिजवतं.

लहान शाळांत तर मुख्याध्यापकाचं पद नावापुरतंही नसतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला १५० पेक्षा आणि उच्च प्राथमिकला १०० पेक्षा जास्त पट असेल, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळांचा पट त्याच्या आसपासही नसतो. तिथे ज्येष्ठ शिक्षकाकडे ‘चार्ज’ येतो: वर्गही त्यांचा, कारभारही त्यांचा. करोनात याच बाईंनी, याच गुरुजींनी पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळी मोजून वाटल्या, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत सर्वेक्षण केलं, विलगीकरणासाठी शाळेच्या किल्ल्या दिल्या आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘माहिती तात्काळ सादर करावी’ आलं की रात्री दहाला तक्तेही भरले.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या रँड संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत कामाचा ताण वारंवार जाणवतो, असं ८५ टक्के मुख्याध्यापकांनी सांगितलं. शिक्षकांत हे प्रमाण ७३ टक्के होतं, इतर नोकरदारांत ३५.

कारासेक यांच्या मांडणीत जेफ्री जॉन्सन आणि एलन हॉल यांनी १९८८ मध्ये तिसरी बाजू जोडली : सोबत. काम जास्त, मुभा कमी आणि वर माणूस एकटा, असं झालं की धोका आणखी वाढतो. शिक्षकखोलीत शिक्षक एकमेकांशी बोलतात. मुख्याध्यापक आत आले की गप्पा थांबतात. दुसऱ्या लाटेत ज्या शाळांनी सहकारी गमावला, तिथे सगळ्यांना धीर देणं, घरच्यांना भेटणं आणि त्याच आठवड्यात निवृत्तिवेतनाचे कागद तयार करणं हे एकाच माणसाकडे आलं. त्यांना स्वतःला रडायला जागा कोणती होती? खासगी विनाअनुदानित शाळांत तर निम्म्या पगारावर आलेल्या शिक्षकांना तोंड देणारेही तेच, आणि फी न भरू शकणाऱ्या पालकांना तगादा लावणारेही तेच.

मानसिक आधारासाठी केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, शाळेचं फाटक दिसताच पाय जड होत असतील, तर तिथे जरूर बोलावं. त्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्या तणावाचं मूळ परिपत्रकांच्या रीतीत आहे, तो समुपदेशकाच्या फोनवर पुरता सुटणार नाही. आदेश आणि अंमलबजावणी यांत किमान काही दिवसांचं अंतर हवं. गावातली साथ, वर्गखोल्या, पट पाहून शाळा कोणत्या पाळीत भरवायची, हे ठरवण्याचा लेखी अधिकार शाळेला हवा. तीच माहिती चार नमुन्यांत मागणं थांबायला हवं. आणि केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत एक तास असा राखून ठेवावा, की ज्यात त्या केंद्रातले मुख्याध्यापक आणि चार्ज सांभाळणारे शिक्षकच बसतील. अधिकारी नसतील, इतिवृत्त लिहिलं जाणार नाही. याला वेगळा निधी लागत नाही, फक्त वरून परवानगी लागते.