वृद्ध व अपंग समाजबांधवांसाठी सरकारी आरोग्य विमा

आपल्या भागात माणूस आजारी पडला की डॉक्टरच्या आधी गाडीभाड्याचा विचार येतो. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा येथून गडचिरोली किंवा चंद्रपूर गाठायचे आणि तेथे "नागपूरला न्या" असे ऐकायचे! मग धान विकले जाते, प्रसंगी बांधी गहाण पडते. घरातला म्हातारा स्वतःच म्हणतो, "माझ्यावर खर्च नका करू." ज्या घरात हे वाक्य बोलले जाते त्या घरात बहुधा विम्याचे कार्ड नसते, किंवा असून ते पेटीत पडलेले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला व पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. परंतु तो पगारी कामगारांसाठी होता. धानशेती, तेंदूपाने, मोहफूल यांवर जगणाऱ्यांना फार वाट पाहावी लागली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. चंद्रपूरला ती २०१३ मध्ये आली. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली असून, २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळ्या, केशरी व पांढऱ्या अशा सर्व शिधापत्रिकाधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले.

वृद्धांसाठी यापेक्षा महत्त्वाची गोष्ट २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. ती म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड. वय ७० पूर्ण झाले की उत्पन्न विचारले जात नाही. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल तर घरातल्या सत्तरीपुढच्यांसाठी वेगळे ५ लाख मिळतात. नवराबायको दोघेही त्या वयाचे असतील तर ते दोघांत मिळून. जुना आजार असला तरी चालतो.

मात्र वय मोजले जाते ते आधार कार्डावरून, आणि खरी अडचण येथेच आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीने शाळा पाहिली नाही. कार्ड काढणाऱ्याने अंदाजाने साल टाकले, तारीख १ जानेवारी! पंचाहत्तरीची आजी कागदावर चौसष्टची असेल तर तिला हे कार्ड मिळत नाही. तिने कुटुंबाच्या शिधापत्रिकेवरच उपचार घ्यावे लागतील. आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे की त्यांनी आजच आजी-आजोबांचे आधार कार्ड उघडून पाहावे. साल चुकले असेल तर कोणता पुरावा चालतो ते आधार केंद्रावर विचारून दुरुस्ती करावी. कष्टाने बोटांचे ठसे झिजले असतील तर चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे.

अपंगांच्या बाबतीत गैरसमज फार. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही १ लाखापर्यंतची विमा योजना सर्व अपंगांसाठी आहे असे अनेकांना वाटते. ती केवळ स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता या चारांसाठी आहे. तिच्यात बाहेरून घेतलेले उपचार व थेरपीही येतात, ही तिची खरी किंमत. पण पैसे आधी स्वतः भरून नंतर बिले पाठवावी लागतात. पायाने अधू किंवा अंध व्यक्तीने शिधापत्रिकेचाच मार्ग धरावा. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यांत सिकलसेल आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण असलेली घरे कितीतरी, तरी प्रमाणपत्र काढलेले थोडेच दिसतात. त्या प्रमाणपत्राने विमा आपोआप मिळत नाही, परंतु इतर सवलतींचे दार उघडते.

फुले योजना व वय वंदना कार्ड मुख्यतः भरती होऊन घ्यावयाच्या, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहेत. रक्तदाबाच्या, साखरेच्या रोजच्या गोळ्या त्यांत नाहीत. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्याव्यात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने आजोबांना घाईघाईत शहरातील एका खाजगी रुग्णालयात नेले. कार्ड खिशात होते, पण ते रुग्णालय योजनेत नव्हते. दीड एकर बांधी गेली. म्हणून गाडी सुटण्याआधी १५५३८८ किंवा १४५५५ या क्रमांकावर विचारावे की रुग्णालय यादीत आहे काय, आणि याच आजारासाठी आहे काय. पोहोचल्यावर प्रथम 'आरोग्यमित्र' गाठावा. तो योजनेतील रुग्णालयातच बसतो. मंजूर उपचाराचे पैसे कोणी मागितले तर त्याच क्रमांकावर तक्रार करावी.

पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि फोनही लागेनासे होतात. कार्डाचे काम त्याआधी, उन्हाळ्यातच उरकावे.