हायब्रिड मोटारीची बॅटरी आणि हमीतील ‘किंवा’

टोयोटाने २००३ मध्ये आणलेल्या दुसऱ्या पिढीच्या ‘प्रायस’मध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचे २८ संच मिळून २०१.६ व्होल्ट वीज देतात. जोडणी एकसर असल्याने एखादाच संच दुबळा झाला, तरी संपूर्ण बॅटरी निकामी ठरते. मागील आसनालगतचा हवेचा झरोका धुळीने वा सामानाने बुजला, की बॅटरी तापून तिचे आयुष्य घटते.

अमेरिकेत या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख मैल, तर कॅलिफोर्नियासारख्या कडक प्रदूषण नियमांच्या राज्यांत १० वर्षे किंवा दीड लाख मैल अशी हमी होती. यातील ‘किंवा’ फसवा आहे. जी मर्यादा आधी गाठली जाईल, तेथेच हमी संपते. शिवाय मुदत पहिल्या विक्रीपासून मोजली जात असल्याने जुनी मोटार घेणाऱ्याच्या वाट्याला उरलेलीच वर्षे येतात.