रायगडची किनारपट्टी आणि हिवतापाचा शेवटचा टप्पा

भारताने 2016 मध्ये हिवताप निर्मूलनाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि 2030 ही त्याची मुदत ठरवली. तत्पूर्वी, 2027 अखेर, स्थानिक संसर्ग शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. स्थानिक संसर्ग म्हणजे रुग्णाने बाहेरून न आणलेला, राहत्या परिसरातील डासांमुळेच त्याला झालेला हिवताप. नियंत्रणात रुग्णसंख्या आटोक्यात आली की काम भागते. निर्मूलनात मात्र स्थानिक संसर्गाची साखळीच तुटावी लागते, आणि सलग तीन वर्षे तसा एकही रुग्ण आढळला नाही तरच जागतिक आरोग्य संघटना देशाला हिवतापमुक्त म्हणून प्रमाणपत्र देते. श्रीलंकेने ते 2016 मध्ये आणि चीनने 2021 मध्ये मिळवले.

या वाटेवर भारत पूर्वी एकदा बराच पुढे गेला होता. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख लोक दगावत, असा अंदाज होता. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी 1946 च्या सुमारास धारवाड व कारवारकडील भागांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून रोग झपाट्याने खाली आणता येतो हे दाखवून दिले होते. 1953 मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि 1958 मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि 1965 पर्यंत नोंदलेले रुग्ण सुमारे एक लाखावर आले. मग डीडीटीला न जुमानणारे डास वाढले, फवारणीत खंड पडला, यंत्रणा सैलावली, आणि 1976 मध्ये रुग्णसंख्या 64 लाखांवर गेली. रोग संपत आला असे वाटू लागण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो, हे त्या अपयशातून दिसले.

रायगड जिल्ह्याला हिवताप नवा नाही, परंतु त्याचे ठिकाण बदलले आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या झऱ्या-ओढ्यांत वाढणारे डास ही जुनी चिंता होती. आता लक्ष द्यावे लागते ते पनवेल-उरणच्या बांधकामांकडे. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले, अटल सेतू 2024 मध्ये खुला झाला, आणि या काळात विमानतळ, उलवे, द्रोणागिरी व खारघरचे टॉवर उभे राहिले. या भागात डासांना दोष देताना बोट सहसा खाडीकाठच्या खारट खाजणाकडे दाखवले जाते, पण शहरी हिवताप पसरवणारी ‘ॲनॉफेलिस स्टीफन्सी’ ही डासाची जात टाक्या, विहिरी व पिंपांतील साठवलेले स्वच्छ पाणी पसंत करते. (हीच जात 2012 मध्ये आफ्रिकेतील जिबूती या बंदराच्या देशात आढळली आणि तेथील शहरांनाही आता तिचा धोका आहे.) बांधकामावर असे पाणी आयतेच मिळते: स्लॅब ओतल्यावर तो तडकू नये म्हणून त्यावर सिमेंटच्या बुटक्या कडा घालून भातखाचरासारखे वाफे करतात आणि त्यांत आठवडा-दीड आठवडा पाणी ठेवतात; अंड्यापासून उडता डास होण्यासही साधारण तेवढेच दिवस लागतात. खालच्या अर्धवट मजल्यावर किंवा शेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत मजूर मच्छरदाणीविना झोपलेले असतात, म्हणजे पाणी, डास आणि माणूस एकाच छपराखाली येतात.

त्या मजुरांपैकी काही जण हिवतापाचे प्रमाण जास्त असलेल्या भागांतून आलेले असतात. हिवतापाचा व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात सुप्त राहतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पुन्हा डोके वर काढतो. क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, परंतु यकृतातील परजीवी मारण्यासाठी प्रायमाक्वीन 14 दिवस घ्यावे लागते (गर्भवतींना व तान्ह्या बाळांना ते दिले जात नाही). ताप उतरलेला मजूर तिसऱ्या दिवशी कामावर जातो, आठव्या दिवशी मुकादम त्याला दुसऱ्या साइटवर हलवतो आणि उरलेल्या गोळ्या राहून जातात. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाऊन पावसाळ्याच्या तोंडाला पाड्यावर परतणाऱ्या कातकरी कुटुंबांचा पाठपुरावाही असाच अवघड असतो.

म्हणूनच निर्मूलनाच्या टप्प्यात धूरफवारणीपेक्षा प्रत्येक रुग्णाचा माग काढणे महत्त्वाचे ठरते. चीनने यासाठी 1-3-7 ही पद्धत वापरली: एका दिवसात नोंद, तीन दिवसांत रुग्णाला संसर्ग कोठे झाला याचा तपास आणि सात दिवसांत त्या ठिकाणी उपाययोजना. आशा सेविका व आरोग्य सेवक गावात हे काम करू शकतात, कारण तेथे त्यांना घर न् घर ठाऊक असते. फाटकाआडच्या बांधकामावर त्यांना आधी रखवालदाराची परवानगी लागते. शेजारच्या गोव्याने बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचे केले, आणि तेथे डासांच्या अळ्या खाणाऱ्या स्थानिक माशांचे व जैविक अळीनाशकांचे प्रयोगही झाले. पनवेल-उरणला हा धडा दूरचा नाही. बांधकामातून होणारा लाभ खासगी आणि त्यातून होणाऱ्या हिवतापाचा भार सरकारी दवाखान्यावर, ही विभागणी न्याय्य नाही. मजुरांची रक्ततपासणी, मच्छरदाण्या, आठवड्यातून एकदा साठवणी कोरड्या करणे आणि 14 दिवसांचा औषधोपचार पूर्ण करवून घेणे ही विकासकाचीच जबाबदारी मानली गेली पाहिजे, आणि ती टाळणाऱ्यावरची कारवाई त्याचे काम थांबवण्याइतकी कठोर असली पाहिजे.