यादीतून वगळलेलं जंगल

सरकारी जमीन कोणाची? : लेखांक सहावा

चंद्रपूरहून मोहर्लीच्या गेटकडे निघालेल्या पर्यटकाला ताडोब्याआधी खाण दिसते. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडतात, दुर्गापूर लागतं, पुढे पद्मापूर. रस्त्यालगत सपाट माथ्याच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या उभ्या असतात. त्या माणसाने रचलेल्या आहेत. कोळशाच्या थरापर्यंत पोचायचं तर वरची माती, मुरूम आणि वालुकाश्म सुरुंग लावून उकरावा लागतो आणि कुठेतरी नेऊन टाकावा लागतो. खाणीतले लोक त्याला ‘ओबी’ म्हणतात. डंपर चोवीस तास ओबी वाहतात. काही वर्षांनी ढिगारा पडीक झाला की त्यावर वेडी बाभूळ माजते. त्या बाभळीत आता वाघ राहतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

गेल्या लेखांकात आपण १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली वनजमीन ‘वळती’ कशी होते, म्हणजे जंगलाच्या जमिनीवर खाण, धरण किंवा रस्ता करण्याची परवानगी कुणाकडून आणि कोणत्या क्रमाने मिळते, ते पाहिलं. त्या सगळ्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कुणीतरी जमीन मागतो आणि मग सरकार विचार करतं. आजचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. अमुक जंगल खाणीसाठी मागताच येणार नाही, असं कुणी मागायच्या आधी ठरवून ठेवता येतं का? आणि ठरवलं तर ते टिकतं का?

चिमूर तालुक्यातल्या बंदर या कोळसा ब्लॉकचं उदाहरण घेऊ. ताडोब्यातून उत्तरेकडे जाणाऱ्या वाघांच्या वाटेवर तो येतो. २००९ मध्ये तो खासगी कंपन्यांना देण्यात आला. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून वाटलेले जवळपास सगळे ब्लॉक रद्द केले, त्यात बंदरही गेला. तो वाघामुळे रद्द झाला नव्हता. वाटपाची पद्धतच बेकायदा ठरली होती. जून २०२० मध्ये केंद्राने व्यापारी खाणकामासाठी ४१ ब्लॉकचा लिलाव जाहीर केला आणि यादीत बंदर पुन्हा हजर. राज्य सरकारने आणि वन्यजीवप्रेमींनी विरोध केला आणि तो यादीतून वगळला गेला. चंद्रपुरात समाधान व्यक्त झालं, ते रास्तच होतं. पण नीट वाचलं तर ‘वगळला’ याचा अर्थ ‘त्या लिलावाच्या त्या यादीतून वगळला’ एवढाच आहे. पुढच्या यादीत तो येऊ नये असं सांगणारा कायदा त्यातून जन्मला नाही. जमिनीखाली कोळसा आहे आणि नकाशावर ब्लॉकचं नाव कायम आहे.

खाण एकदा मंजूर झाली की मंजूर, जंगल मात्र दर वेळी नव्याने वाचवावं लागतं. या असमान सामन्यात जंगल कधी ना कधी हरणारच, म्हणून प्रत्येक प्रकरणात लढण्यापेक्षा आधी रेघ ओढण्याला मी जास्त महत्त्व देतो.

अशी रेघ ओढण्याचा एक गंभीर प्रयत्न आपल्याकडे झाला होता. २००९ मध्ये जयराम रमेश पर्यावरणमंत्री झाले, तेव्हा कोळसा मंत्रालय नव्या ब्लॉकसाठी घाई करत होतं आणि वन परवानगीच्या फायली अडकून पडल्या होत्या. दोन्ही मंत्रालयांनी मिळून नऊ कोळसा क्षेत्रांचे नकाशे वनआच्छादनाच्या उपग्रह नकाशांवर ठेवले. त्यात ओडिशातलं तालचेर होतं, सिंगरौली होतं, छत्तीसगडचं हसदेव-अरण्य होतं आणि आपलं वर्धा खोरंही होतं. कसोटी साधी होती. ब्लॉकमधल्या एकूण क्षेत्रात जंगल ३० टक्क्यांहून जास्त असेल, किंवा जंगलाची दाटी लक्षात घेऊन काढलेलं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल, तर तो ब्लॉक ‘नो-गो’. तिथे अर्जच करायचा नाही. बाकीचे ‘गो’, आणि तिथेही परवानगी आपोआप मिळणार नाही, नेहमीची छाननी होणारच.

ही कसोटी ओबडधोबड होती. वाघ कुठून जातो, नाला कुठे उगम पावतो, हे तिला कळत नव्हतं. पण ती सर्वांना आधीच ठाऊक होती, हा तिचा मोठा गुण. कंपनीला कळत होतं की इथे पैसा घालू नये. गावाला कळत होतं की आपलं जंगल कुठल्या रकान्यात आहे. वन अधिकाऱ्यावर प्रत्येक फायलीगणिक दबाव येण्याची जागाच उरत नव्हती.

ती फार काळ टिकली नाही. नो-गो ब्लॉकचा आकडा सुरुवातीला दोनशेच्या वर होता, तो वाटाघाटींत दीडशेच्या आसपास आला. २०११ मध्ये मंत्रिगट बसला, समिती नेमली गेली, आणि ‘गो, नो-गो’ला कायद्याचा आधार नाही असं म्हणत ती कल्पना बाजूला सारली गेली. मग पर्यावरण मंत्रालयाच्या दुसऱ्या समितीने २०१२ मध्ये अधिक शहाणी पद्धत सुचवली. एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकाला वनप्रकार, जैविक समृद्धी, वन्यजीवांचं मोल, वनआच्छादन, भूप्रदेशाची अखंडता आणि पाण्याचं मोल या सहा निकषांवर गुण द्यायचे. ७० हून जास्त गुण असलेला चौकोन ‘अभंग’, तिथे खाण नको. वन्यजीवांच्या दृष्टीने ही पद्धत आधीच्यापेक्षा खूपच चांगली होती, पण बंधनकारक धोरण म्हणून ती कधी उभी राहिली नाही.

रेघ पुसली की काय होतं, ते हसदेवने दाखवलं. नो-गो यादीत ते क्षेत्र पूर्णच्या पूर्ण होतं. जून २०११ मध्ये वन सल्लागार समितीने नकार सुचवलेला असतानाही तारा आणि परसा ईस्ट-कांते बासन या ब्लॉकना पहिल्या टप्प्याची मंजुरी मिळाली. हे ब्लॉक जंगलाच्या गाभ्यात नाहीत, कडेला आहेत, असं कारण मंत्र्यांनी दिलं होतं. ते त्या वेळी प्रामाणिकही असेल. पण कडेला खाण झाली की पुढचा ब्लॉक आपोआप ‘कडेचा’ होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये शेजारच्या परसा ब्लॉकला अंतिम वन परवानगी मिळाली.

वाचकांपैकी काहींना प्रश्न पडेल, मग आज कायद्याने कुठेच बंदी नाही का? आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या आत, आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत, खाणकाम करता येत नाही. ही रेघ संसदेने किंवा मंत्रालयाने नाही, सर्वोच्च न्यायालयाने ओढली. गोव्यासाठी २१ एप्रिल २०१४च्या गोवा फाउंडेशन प्रकरणातल्या निकालात ती आली. त्या निकालाआधी दीड-दोन वर्षं गोव्यातलं सगळं लोहखनिज खाणकाम बंद होतं. पोर्तुगीज काळातल्या सवलती १९८७च्या कायद्याने लीज झाल्या होत्या आणि त्यांतल्या कित्येक खाणी अभयारण्यांना खेटून होत्या. पुढे जून २०२२ मध्ये देशभरासाठी किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा न्यायालयाने सांगितला. एप्रिल २०२३ मध्ये त्यातली घरं, रस्ते वगैरेंबाबतची कडक अट सैल झाली, खाणींवरची बंदी मात्र तशीच ठेवली गेली. कर्नाटकात कुद्रेमुखची लोहखनिज खाण न्यायालयाच्याच आदेशाने २००५ अखेर बंद झाली. एवढ्या मोठ्या सरकारी कंपनीचं काम राष्ट्रीय उद्यानासाठी थांबू शकतं, हे तिथे दिसलं.

एक किलोमीटर ऐकायला भरपूर वाटतं. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५चं, अंधारी अभयारण्य १९८६चं. दोन्ही मिळून गाभा क्षेत्र साधारण ६२५ चौरस किलोमीटर. त्याभोवती २०१० मध्ये जाहीर झालेलं सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं बफर. एक किलोमीटरची रेघ मोजली जाते ती उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीपासून. म्हणजे बफरचा मोठा भाग आणि बफरपलीकडची भ्रमणमार्गांची जंगलं त्या रेघेच्या बाहेरच राहतात. २०२२च्या गणनेत ताडोब्यात ९७ वाघ मोजले गेले आणि महाराष्ट्रात ४४४. गाभा भरलेला आहे. दोन वर्षांचा नर आईपासून सुटला की त्याला बाहेर पडावंच लागतं.

तो किती लांब जातो, याचा पुरावा २०१९ मध्ये मिळाला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. दिवसा नाल्यात, झुडपांत, कपाशीच्या शेतात दडायचा आणि रात्री चालायचा. तेलंगणात जाऊन परत आला आणि १३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या वाटेवर अभयारण्य क्वचितच होतं. होती ती साधी वनखात्याची जंगलं, गायरानं आणि शेतं. कागदावर ज्यांना काहीच विशेष दर्जा नाही, अशा जमिनींवर तो जगला.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली कलम ३८-ओ आलं. दोन व्याघ्र प्रकल्पांना किंवा संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या जमिनी पर्यावरणाला न पेलणाऱ्या वापरासाठी वळवू नयेत, असं ते म्हणतं. त्याला अपवाद ‘लोकहिता’चा, तोही राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मान्यतेने. कलम चांगलं आहे, पण त्या अपवादातून कोळसा सहज जातो, कारण आपल्याकडे कोळसा म्हणजे लोकहित हे समीकरण अजून कुणी फारसं तपासलेलं नाही.

लोहाराच्या प्रकरणात ते तपासलं गेलं. चंद्रपूर-मूल रस्त्यावरचं, ताडोब्याला लागून असलेलं हे जंगल. तिथला कोळसा अदानी समूहाच्या गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा वीज प्रकल्पासाठी हवा होता. चंद्रपुरात विरोध पेटला. इको-प्रो या संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले, आणि २००९-१०च्या हिवाळ्यात पर्यावरण मंत्रालयाने आधी दिलेली प्राथमिक संमती मागे घेतली. पुढे काय झालं? तिरोडा प्रकल्प उभा राहिलाच. आज त्याची क्षमता ३३०० मेगावॅट आहे. कोळसा दुसरीकडून आला. या बदलाचा भार कोणी सोसायचा, यावरून वीज नियामक आयोगापुढे वाद झाला. म्हणजे किंमत होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण लोहारा खणलं नाही तर वीज मिळणार नाही, हे खरं नव्हतं.

आता ओबीवरच्या वाघांबद्दल. खाणीची बाजू घेणारे हमखास सांगतात, ‘वाघ तर खाणीतही राहतो, मग खाणीने त्याचं काय बिघडतं?’ वाघ राहतो हे खरं आहे. वेड्या बाभळीच्या जाळीत सावली मिळते, रानडुक्कर मिळतं, खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. पण तो तिथे येतो, कारण पलीकडे ताडोबा आहे. ते जंगल काढा आणि बाभळीच्या ढिगाऱ्यावर वाघ जन्मतो का पाहा. शिवाय त्या जाळीला लागून माणसांच्या वस्त्या आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारलं आणि लागलीच दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. रात्रपाळी संपवून सायकलवर घरी जाणाऱ्या माणसाला या ‘सहजीवना’चं कौतुक सांगायला मी धजणार नाही. वाघाला ढिगाऱ्यावर ढकलणं हा माणसांवरही अन्याय आहे.

भरपाई म्हणून दुसरीकडे झाडं लावण्याचाही युक्तिवाद होतो. सागाची रोपवनं दुसऱ्या तालुक्यात उभी राहतीलही, पण तुटलेली वाट तिथे जोडता येत नाही.

जमीन खाणीपासून आधीच बाजूला काढण्याची पद्धत जगात नवी नाही. अमेरिकेत सरकारी जमिनीवर १८७२च्या कायद्याने कुणालाही खनिजावर दावा लावता येतो. पण १९७६च्या जमीनविषयक कायद्याखाली सरकार एखादा मोठा पट्टा वीस वर्षांपर्यंत नव्या दाव्यांसाठी बंद करू शकतं. ग्रँड कॅन्यनभोवतीची दहा लाखांहून अधिक एकर जमीन २०१२ मध्ये युरेनियमच्या नव्या दाव्यांपासून अशी बंद झाली. जुने वैध हक्क मात्र शाबूत राहिले. तिथेही सरकार बदललं की असे निर्णय डळमळतात, पण निदान निर्णय क्षेत्राचा असतो, एका अर्जाचा नसतो.

आपल्याकडे राज्याच्या हातात याच्या जवळ जाणारं साधन आज आहे. राज्य सरकारने अभयारण्य जाहीर केलं की एक किलोमीटरची खाणबंदी त्याला आपोआप लागू होते. चंद्रपूर जिल्ह्यातच २०१८ मध्ये घोडाझरी आणि त्यानंतर कन्हाळगाव अशी अभयारण्यं झाली. जिथे अभयारण्य जड वाटेल तिथे कलम ३६-अ खाली ‘संवर्धन राखीव’ करता येतं. कोकणात तिलारीला २०२० मध्ये तसं केलं. त्यात निर्बंध सौम्य असतात आणि आसपासच्या लोकांशी आधी बोलावं लागतं. या दर्जाला खाणबंदी आपोआप जोडलेली नाही, ती जोडून घ्यायला हवी. ताडोब्याहून उमरेड-कऱ्हांडला, टिपेश्वर आणि नवेगाव-नागझिऱ्याकडे जाणाऱ्या वाटांवरचे कोळसा ब्लॉक कोळसा मंत्रालयाच्या नकाशावरूनच कायमचे काढावेत, अशी मागणी राज्याने लिलाव जाहीर होण्याआधी करावी. वर्धा खोऱ्यात आधीच उघडलेल्या खाणी आहेत. कोळसा हवा असेल तर पहिल्यांदा तिथला पूर्ण काढावा.

यावर गावांचा एक आक्षेप आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. खाण आली तर जंगल जातं, अभयारण्य आलं तरी जंगलात जाणं बंद होतं, मग आमचा मोह, तेंदू आणि ढोरांची चराई कुठे? निस्तार हक्क, म्हणजे गावाचे जंगल वापरण्याचे परंपरागत हक्क, आणि २००६चा वनहक्क कायदा या दोन्ही रेघांच्या मधोमध उभे आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला खाणीला नकार देता येतो का, हे पुढच्या लेखांकात पाहू.